उसन्या कोपरांचा संघ

फेब्रुवारी निम्मा होत आला की ॲरिझोनातल्या ग्लेंडेलच्या मैदानावर लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचे पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) जमतात. बाकीचे खेळाडू त्यांच्या मागून येतात. इथे दक्षिण कॅलिफोर्नियात तेव्हापासून ऑफिसात, केस कापायच्या दुकानात, पोरांना आणायला शाळेबाहेर थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत एकच विषय असतो. यंदा बॅटिंगची ऑर्डर कशी लागणार, आणि पिचर किती दिवस टिकणार? 2026 च्या सीझनआधी तर या गप्पांना वेगळीच धार आहे. 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षं डॉजर्सनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे इथल्या बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली. लागोपाठ तीन जिंकणारा शेवटचा संघ न्यूयॉर्क यांकीज, 1998 ते 2000 चा. त्यानंतर पंचवीस वर्षं हे कुणाला साधलेलं नाही.

मी सांगलीकडचा, टेनिस बॉल क्रिकेटवर वाढलेला माणूस. या देशात आल्यावर बेसबॉल कळायला मला चार वर्षं लागली आणि आवडायला एक संध्याकाळ पुरली. डॉजर्स हरले की माझी रात्र जाते. म्हणूनच, सगळे आनंदात असताना मला एक तक्रार मांडायची आहे. पिचर किती टिकतील हा प्रश्न आपण चुकीच्या माणसांना, चुकीच्या वेळी विचारतो आहोत. आणि त्याचं जे उत्तर डॉजर्सनी शोधलंय, त्यावर दोन ट्रॉफ्या मिळाल्या असल्या तरी ते उत्तर चुकीचं आहे.

बॅटिंगचं आधी उरकतो, कारण ती चर्चा गोड असली तरी तिथे खरी अडचण नाही. पहिल्या क्रमांकावर शोहेई ओतानी, 2025 मध्ये 55 होमरन (आपले षटकार म्हणा) आणि कारकिर्दीतला चौथा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा, किताब. मागे मूकी बेट्स, फ्रेडी फ्रीमन, विल स्मिथ. त्यात आता काइल टकर आला, चार वर्षांचे 24 कोटी डॉलर घेऊन. काळजी असलीच तर वयाची. फ्रीमन 36 वर्षांचा, मॅक्स मन्सी 35, बेट्स 33. टॉमी एडमनच्या घोट्यावर नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. अँडी पाहेसला 2025 च्या प्लेऑफ्समध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) 51 वेळा बॅटिंग करून चार हिट मिळाले. (त्याच पाहेसनं टोरांटोविरुद्धच्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला, आपल्याच संघातल्या कीके हर्नांडेझवर आदळत तो झेल घेतला नसता तर ट्रॉफी टोरांटोत राहिली असती. एखाद्या खेळाडूला नुसत्या आकड्यांवर काढून टाकायची घाई करू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.) टकरला दुसऱ्या नंबरवर पाठवावं की तिसऱ्या, यावर दोन तास वाद घालता येतो आणि मी घातलाही आहे. पण त्या वादाचा निकाल काहीही लागला तरी हा संघ धावा करणार.

धावा अडवायच्या कुणी, इथे गाडी अडते.

हिशेब साधा आहे. सीझनमध्ये 162 सामने, प्रत्येकी नऊ इनिंग. म्हणजे साडेचौदाशेच्या आसपास इनिंग कुणीतरी टाकायच्या. डॉजर्सकडे कागदावर जगातला सर्वांत महागडा ताफा आहे. 2025 मध्ये त्यानं काय केलं ते पाहू. ब्लेक स्नेलला पाच वर्षांसाठी 18.2 कोटी डॉलर दिले होते. खांदा दुखावला आणि तो 11 सामन्यांत सुरुवात करू शकला. टायलर ग्लासनाऊ, 13.65 कोटींचा करार, 18 सामने. रोकी सासाकी जपानहून आला, आठ सामन्यांनंतर खांद्यानं हात टेकले, सप्टेंबरात परतला तो रिलीव्हर, म्हणजे मधेच उतरणारा पिचर, म्हणून. ओतानी कोपराच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेतून सावरत जूनच्या मध्यावर माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आला आणि 47 इनिंग टाकल्या. वर्षभर आपली पाळी चुकवली नाही अशी एकच व्यक्ती, योशिनोबू यामामोतो. 30 सामने, 173 इनिंग आणि वर दोन आउट. त्याच्या खालोखाल जास्त सामन्यांत सुरुवात केली ती 37 वर्षांच्या क्लेटन कर्शॉनं, आणि सीझन संपताच तो निवृत्त झाला. 2026 च्या रोटेशनमध्ये, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरांच्या पाळीत, कर्शॉ नाही. जे आहेत त्यांच्यापैकी यामामोतो सोडला तर कुणीही मागच्या वर्षी पूर्ण सीझन उभा राहिलेला नाही.

तरीही संघ जिंकला, आणि इथेच डॉजर्सच्या व्यवस्थापनाचं तत्त्वज्ञान दिसतं. अँड्र्यू फ्रीडमन आणि त्यांची माणसं अत्यंत हुशार आहेत, त्याबद्दल मला शंका नाही. त्यांनी मान्य करून टाकलंय की हात मोडणारच. मग पाच लागत असतील तर दहा-बारा जमवायचे, एप्रिल ते सप्टेंबर जो शाबूत असेल त्याच्याकडून काम चालवायचं, आणि ऑक्टोबर उजाडताना चार चांगले हात शिल्लक असले की झालं. 2024 मध्ये तर तेवढेही उरले नव्हते. त्या वर्षी पाद्रेसविरुद्धच्या मालिकेत हरलं तर घर अशी वेळ आली होती. तेव्हा चौथ्या सामन्यात त्यांनी एकापाठोपाठ आठ रिलीव्हर टाकून 8-0 असा विजय मिळवला. हुशारी म्हणून ते अप्रतिम होतं. मी घरात उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पण त्या वर्षी घरी बसलेल्यांची यादी पाहा. एमेट शीहॅन, कोपर. रिव्हर रायन, कोपर. काइल हर्ट, कोपर. टोनी गॉन्सोलिन, आदल्या वर्षीच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता, पुन्हा कोपर. गेविन स्टोन, खांदा. ही पंचविशीच्या आगेमागेची पोरं आहेत, गॉन्सोलिन तेवढा तिशीचा. यादीतलं एक नाव गळलं की दुसरं चढतं, संघाचं चाक थांबत नाही. ज्याचं कोपर गेलं त्याचं मात्र सव्वा-दीड वर्ष जातं, आणि परतल्यावर तो पूर्वीचाच असेल याची खात्री कुणी देत नाही.

या शस्त्रक्रियेचा जन्मच डॉजर्सच्या घरातला आहे, म्हणून हे मला जास्त लागतं. 1974 च्या उन्हाळ्यात त्यांच्या टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरच्या कोपरातला आतला लिगामेंट तुटला. तोवर याचा अर्थ कारकीर्द संपली असा होता. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. यश मिळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. टॉमी जॉन 1976 मध्ये परतला, 1989 पर्यंत खेळला आणि एकूण 288 सामने जिंकला, त्यातले 164 शस्त्रक्रियेनंतरचे. त्याच्याआधी आठ वर्षं, याच संघाचा सँडी कोफॅक्स 27 सामने जिंकलेल्या सीझननंतर, वयाच्या तिसाव्या वर्षी, कोपराच्या संधिवातानं निवृत्त झाला होता. त्याआधीच्या एका सीझनमध्ये त्यानं 335 इनिंग टाकल्या होत्या. तेव्हा जुने दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत पिचरला उसासारखं चरकात घालत आणि चोथा झाला की टाकत.

माझा आक्षेप वेगळा आहे. डॉक्टर जोब यांनी बुडत्याला हात दिला. पन्नास वर्षांत त्या हाताचा आपण पूल बांधला आणि त्यावरून रोजची वाहतूक सुरू केली. कोपर तुटणं हा आता अपघात राहिलेला नाही, तो बजेटमधला एक रकाना झाला आहे.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. मेजर लीग बेसबॉलनं, म्हणजे इथल्या सर्वोच्च लीगनं, स्वतः डिसेंबर 2024 मध्ये पिचरांच्या दुखापतींवर एक अहवाल काढला. डॉक्टर, ट्रेनर, कोच, माजी खेळाडू अशा दोनशेहून जास्त लोकांशी बोलून तो तयार केला होता. त्यातले आकडे असे: 2005 मध्ये पिचर जायबंदी यादीत गेल्याच्या 212 नोंदी होत्या, 2024 मध्ये 485. वाया गेलेले दिवस तेव्हा 13,666, आता 32,257. मेजर आणि तिच्या खालची मायनर लीग मिळून टॉमी जॉन शस्त्रक्रिया 2010 मध्ये 104 झाल्या, 2024 मध्ये 281. आणि या सगळ्याच्या शेजारी ठेवायचा आकडा म्हणजे वेग. साध्या फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये ताशी 91.3 मैल होता, 2024 मध्ये 94.2 मैल. आपल्या भाषेत 147 किलोमीटरवरून पावणेदोनशे नव्हे, फक्त 152. पाच किलोमीटरचा फरक. पण तो सरासरीतला आहे, आणि सगळ्या लीगची सरासरी पाच किलोमीटरनं वर सरकते तेव्हा त्याखाली किती कोपरं ताणली गेली असतील याचा अंदाज करावा.

अहवालानं बोट ठेवलं ते याच गोष्टीवर. प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनं, जास्तीत जास्त वेगानं आणि वळणानं टाकायचा. पूर्वीचा पिचर सातव्या-आठव्या इनिंगचा विचार करून ताकद राखून ठेवी. कठीण प्रसंगासाठी दोन-तीन मैल हातचे ठेवी. आजच्या पिचरला सांगितलं जातं, पाच इनिंग टाक, जीव तोडून टाक, मागे आठ जण ताजे बसलेत. शिवाय आकडेशास्त्रानं दाखवून दिलंय की तोच बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की पिचर महाग पडतो. मग त्याला तिसऱ्यांदा समोर येऊच द्यायचं नाही. 2025 मध्ये अख्ख्या मेजर लीगमध्ये दोनशे इनिंग टाकणारे पिचर तीन होते: लोगन वेब, गॅरेट क्रोशे आणि क्रिस्तोफर सांचेझ. तीस संघांत तीन.

क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. 2025 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये जसप्रीत बुमराह पाचपैकी तीन कसोटी खेळला आणि मोहम्मद सिराज पाचही. सिराजनं 185 षटकांहून जास्त टाकली, ओव्हलचा शेवटचा बळी घेतला, आणि सुनील गावस्करांनी म्हटलं की वर्कलोड हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून जावा. गावस्करांविषयी माझ्या मनात जे आहे ते शिवाजी पार्कपासून सांगलीच्या तरुण भारत स्टेडियमपर्यंत कुणाच्याही मनात असतं तेच आहे. पण इथे मला त्यांच्याशी सहमत होता येत नाही. 2023 मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया झालेला, ऑस्ट्रेलियात दीडशे षटकं टाकून सिडनीत अर्ध्यावर मैदान सोडलेला बुमराह आळशी नव्हता, त्याची पाठ संपत आली होती. तरी या तुलनेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कसोटीत कर्णधाराकडे चार-पाच गोलंदाज असतात आणि दिवसाला नव्वद षटकं. सहावा ताजा वेगवान गोलंदाज पॅव्हेलियनमधून आणता येत नाही. त्यामुळे सिराजला कळतं की हा स्पेल जोरात टाकायचा, पुढचा आखडून, संध्याकाळच्या नव्या चेंडूसाठी दम राखायचा. टंचाई माणसाला वेग आवरायला शिकवते. बेसबॉलमधून ही टंचाई नाहीशी झाली, म्हणून वेग आवरण्याचं कारणही नाहीसं झालं.

सव्वीस खेळाडूंच्या चमूत तेरापर्यंत पिचर ठेवायला परवानगी आहे. डॉजर्सकडे प्रत्यक्षात चौदा, कारण ओतानी दोन्ही कामं करतो आणि नियमानुसार त्याची मोजणी पिचरांमध्ये होत नाही. शिवाय थकलेल्या पोराला मायनर लीगमध्ये पाठवून तिथला ताजा वर आणता येतो, पंधरा दिवसांनी उलट. माझ्या मते दुखण्याचं मूळ इथे आहे. कोचला दोष देऊन उपयोग नाही, पिचरला तर अजिबातच नाही. समोर तेरा हात असतील तर कुठलाही शहाणा मॅनेजर तेराही पिळणार.

म्हणून माझं म्हणणं असं की ही मर्यादा खाली यावी. एकदम नको. 2027 मध्ये बारा, दोन-तीन वर्षांनी अकरा. मायनर लीगमध्ये पाठवलेल्या पिचरला परत आणायची मुदत पंधराऐवजी तीस दिवस करावी, म्हणजे फिरती थांबेल. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतला करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो. त्या बैठकीत पगाराच्या कमाल मर्यादेवरून रणकंदन होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि डॉजर्सचा खर्च हेच त्याचं मोठं कारण असणार. त्याच टेबलावर कोपरांचाही विषय निघाला पाहिजे.

यावरचा सर्वांत खरा आक्षेप मला माहीत आहे: पिचर कमी केले तर उरलेल्यांवर बोजा वाढेल आणि पहिल्या दोन वर्षांत आणखी हात जातील. हा धोका आहे, तो मी नाकारत नाही. म्हणूनच टप्प्यानं जायचं, आणि जोडीला सहा जणांचं रोटेशन रुळवायचं. जपानच्या लीगमध्ये 143 सामने असतात, सोमवार बहुधा सुट्टीचा, आणि सुरुवातीचा पिचर आठवड्यातून एकदा टाकतो. तो एकदा उतरला की लांब टाकतो. इथे रिवाज पाच दिवसांचा आहे. दुसरा आक्षेप येतो की त्यामुळे पिचरांच्या नोकऱ्या जातील. चमू सव्वीसचाच राहणार. दोन जागा बॅटरांना, फिल्डरांना मिळतील. वेग थोडा उतरेल, चेंडू बॅटला जास्त लागेल, मैदानात धावपळ वाढेल. बघणाऱ्याचं यात काय नुकसान आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तिसरा आक्षेप माझ्या बहिणीच्या घरातून आला, आणि त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे, पिचिंग करतो. लिटल लीगच्या नियमानुसार त्याच्या वयाला दिवसाला 85 चेंडूंची मर्यादा आहे आणि 66 च्या पुढे टाकले तर चार दिवस विश्रांती. नियम चांगले आहेत, पण ते त्या लीगपुरते. शनिवारी तो शाळेच्या भागातल्या लीगमध्ये टाकायचा आणि रविवारी दुसऱ्या, पैसे भरून खेळायच्या संघात. दोन वह्या, दोन हिशेब, कोपर एकच. गेल्या वसंतात एका रविवारी गाडीत बसताना म्हणाला, "मामा, आत कुठंतरी दुखतंय. बाहेरून दाबलं तर नाही कळत." मी त्याच्या कोचशी बोललो. त्यांनी वेग मोजायच्या यंत्रावरचा आकडा दाखवला आणि म्हणाले की पोरगा महिन्यात तीन मैलांनी वाढलाय, आता थांबवलं तर मागे पडेल. बहिणीनं त्याला तीन महिने थांबवलं. भाचा तीन महिने माझ्याशी नीट बोलला नाही, कारण डॉक्टरकडे न्यायचा आग्रह माझा होता. बहीण मला म्हणाली, "दादा, मोठ्यांच्या लीगमध्ये तू नियम बदलशील, पण इथे या पोरांना कोण विचारतंय?"

तिचं खरं आहे. पण मला वाटतं, खालचं वरूनच येतं. बारा वर्षांच्या पोराला तीन मैल वाढवायचे असतात, कारण अठराव्या वर्षी निवडीला येणारा माणूस हातात तेच यंत्र धरून बसतो, आणि तो धरतो कारण वरच्या तेरा जणांना फक्त तेवढंच करायचं असतं. वर सात इनिंग टाकणाऱ्याला किंमत आली तर खाली कुणीतरी सात इनिंग कशा टाकायच्या ते शिकवायला लागेल.

रोकी सासाकीची गोष्ट या संदर्भात मला सारखी आठवते. 2019 च्या जुलैमध्ये तो सतरा वर्षांचा होता, ताशी 163 किलोमीटर वेगानं टाकून देशभर गाजलेला. त्याची ओफुनातो नावाच्या गावातली सरकारी शाळा इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात पोचली. जिंकले तर कोशिएन ही राष्ट्रीय शालेय स्पर्धा, म्हणजे जपानमधल्या प्रत्येक शाळकरी खेळाडूचं पंढरपूर. आदल्या दिवशी उपांत्य सामन्यात त्यानं 129 चेंडू टाकले होते, त्याआधी एका सामन्यात 194. अंतिम सामन्यात कोचनं त्याला खेळवलंच नाही. ना पिचर म्हणून, ना बॅटर म्हणून. शाळा 12-2 अशी हरली, आणि हरली ती हानामाकी हिगाशीकडून, ओतानीच्या शाळेकडून. शाळेत संतापलेल्या लोकांचे फोन आले, देशभर आठवडाभर वाद चालला. त्या कोचनं मुलाचा हात आणि गावाचं स्वप्न यांतून हात निवडला. तीन वर्षांनी, 10 एप्रिल 2022 ला, त्या हातानं चिबा लोट्टेसाठी एकही बॅटर बेसवर न पोचू देता सामना संपवला. 19 जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मैदानात मारूच न देता बाद, त्यांत सलग 13.

त्याच सासाकीचा खांदा 2025 मध्ये इथे आल्यावर दुखावला. म्हणजे जपलं म्हणून वाचलंच असं नाही. पण सतराव्या वर्षी तो हात गेला असता तर 2022 चा तो दिवस आला नसता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आता यामामोतो. 2025 च्या वर्ल्ड सीरिजबद्दल बोलताना माझा आवाज अजून चढतो. दुसऱ्या सामन्यात त्यानं नऊच्या नऊ इनिंग टाकल्या. 2015 नंतर वर्ल्ड सीरिजमध्ये असं कुणी केलं नव्हतं. त्याआधीच्या फेरीतही त्यानं पूर्ण सामना टाकला होता. सहाव्या सामन्यात सहा इनिंग, 96 चेंडू. आणि दुसऱ्या दिवशी, सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगला तो बुलपेनच्या (राखीव पिचर हात गरम करतात त्या जागेच्या) दारातून पुन्हा बाहेर आला. आणखी 34 चेंडू टाकले, अकराव्या इनिंगला विल स्मिथच्या होमरननं मिळालेली आघाडी राखली आणि 5-4 असा सामना संपवला. दार उघडलं तेव्हा मी ओरडत उठलो आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला. असा माणूस पुन्हा पाहायला मिळणार नाही असं वाटत होतं, आणि आत्ता याचं काहीतरी तुटेल असंही.

यामामोतो पाच फूट दहा इंचांचा आहे, म्हणजे या लीगमध्ये बुटका. तो वजनं उचलण्यापेक्षा भाल्यासारखी वस्तू फेकून सराव करतो, सगळं शरीर एका लयीत आणतो. नवव्या इनिंगपर्यंत जाता येतं याचा तो जिवंत पुरावा आहे. पण नियमित सीझन आणि प्लेऑफ्स मिळून त्यानं 2025 मध्ये 211 इनिंग टाकल्या, आणि मार्चमध्ये तो जपानकडून वर्ल्ड बेसबॉल क्लासिक खेळायला जाणार. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला थांबलेला हात चार महिन्यांत पुन्हा स्पर्धेच्या जोरानं चालू होणार. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सच्या जागी मी असतो तर एप्रिलभर त्याला आठवड्यातून एकदाच उतरवलं असतं, पाच इनिंगच्या पुढे नेलं नसतं, आणि लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दिलं असतं.

ओतानीचंही तेच. तो क्लासिकमध्ये फक्त बॅटिंग करणार हे ऐकून मला बरं वाटलं. 17 ऑक्टोबर 2025 ला मिलवॉकीविरुद्ध त्यानं सहा इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही, दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि स्वतः तीन होमरन मारले. एका माणसानं एका संध्याकाळी यापेक्षा चांगला बेसबॉल खेळल्याचं मला माहीत नाही. पण त्या कोपरात दोनदा डॉक्टरांचे हात गेले आहेत. तिसऱ्यांदा गेले तर पिचर ओतानी परत येईल असं कुणी म्हणू शकत नाही. सीझनमध्ये त्यानं वीसेक सामन्यांतच माउंडवर यावं आणि ते पहिल्या दिवशीच ठरवून जाहीर करावं. एडविन डियाझला तीन वर्षांचे 6.9 कोटी डॉलर देऊन शेवटच्या इनिंगसाठी आणलंय. मागच्या वर्षी टॅनर स्कॉटनं हातात आलेली आघाडी दहा वेळा घालवली, त्यावरचा हा उपाय. चांगला आहे, पण त्यालाही सलग तिसऱ्या दिवशी हात लावू नये.

याची किंमत आहे. 2025 मध्ये डॉजर्सनी 93 सामने जिंकले, तेवढे पहिल्या दोन मानांकनांना पुरले नाहीत, आणि त्यांना सिनसिनाटीविरुद्ध जादा फेरी खेळावी लागली. हात जपताना मे-जूनमध्ये चार-पाच सामने गेले तर यंदाही तसंच होईल. सलग तिसरी ट्रॉफी त्यातच हुकू शकते. मला ती हवी आहे, फार हवी आहे. तरी हुकली तर चालेल, असं मी बहिणीसमोर म्हणून दाखवलं. भाचा बाजूलाच बसला होता. त्याचे तीन महिने संपलेत, डॉक्टरांनी हळूहळू टाकायला परवानगी दिली आहे. त्यानं विचारलं, "मामा, मग यामामोतो पहिल्या दिवशी किती टाकेल?" मी म्हटलं, माझं चाललं तर सत्तर चेंडू. तो आत गेला आणि आपली वही घेऊन आला. आता त्यानं एकच वही ठेवली आहे, दोन्ही संघांची मिळून. पहिल्या पानावर त्यानं स्वतःचा आकडा लिहिला होता, तीस. खाली यामामोतोचं नाव लिहिलं आणि पुढे सत्तर.